गणपतीच्या छातीवर सुपरहिरोचं चिन्ह रंगवावं का?

रंगारी_कुडाळ

मंडळी, एका गोष्टीवर तुमचं मत हवंय, आणि चतुर्थीच्या आधी हवंय.

कुडाळजवळ आमची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायची जागा आहे. आजोबांनी सुरू केली, आता मी बघतो. आषाढापासून घरोघरचे पाट यायला लागतात, तसे यंदाही आलेत. मुंबईला असलेलं एक कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडूनच मूर्ती नेतं. यंदा त्यांच्या आठ वर्षांच्या मुलाने हट्ट धरलाय की गणपतीला निळा अंगरखा, लाल शेला आणि छातीवर पिवळ्या चौकटीत सुपरमॅनचं ते अक्षर हवं. वडील म्हणाले, "पोराची हौस आहे, पैशांचं बघून घेऊ."

पैशांचा प्रश्नच नाही. मी विठ्ठलाच्या रूपातला, बालकृष्णाच्या रूपातला, फेटा बांधलेला असे सगळे गणपती केलेत. सिनेमातल्या राजासारखा गणपतीसुद्धा एका वर्षी काही घरांनी मागून नेला. मग हात इथेच का अडतोय? पाश, अंकुश, मोदक, अभय देणारा हात, यातलं काय कशासाठी ते आजोबांनी पहिल्यांदा शाडू हातात दिली तेव्हाच सांगितलं होतं. त्या अक्षराबद्दल मला तसं कोणी काही सांगितलेलं नाही. ते चिन्ह कसलं वचन देतं? मुलांना त्यात काय दिसतं? ज्यांनी या गोष्टी मनापासून वाचल्यात, बघितल्यात, त्यांनी सांगावं. रेखणीला बसायच्या आधी माझं मन स्वच्छ व्हायला हवं.

मालवणी_झील

माका वाटता, नको. देवाक देवाच्या जाग्यार ऱ्हवांदेत. पोरग्याक त्या अक्षराचो टीशर्ट घेवन देवा आणि तोच घालून तेका आरतेक उभो करा. गणपती काय रागावचो नाय.

जुन्या_चित्रकथा

देवरुखहून लिहितोय. त्या अक्षराच्या मागे काय आहे ते सांगतो, कारण मी त्यावरच वाढलोय.

1938 साली अमेरिकेत 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक निघाला आणि त्यात सुपरमॅन आला. जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलँडच्या दोन तरुणांनी तो घडवला. दोघेही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले, मंदीचे दिवस सोसलेले. त्या पहिल्या गोष्टीत परग्रहावरून चालून आलेलं सैन्य वगैरे काही नाही. निर्दोष बाईची फाशी तो थांबवतो, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धरतो आणि एका सिनेटरला खिशात घालू पाहणाऱ्या दलालाची गचांडी पकडतो. नायक स्वतः घर-दार, जग सगळं गमावून परक्या ठिकाणी वाढलेला अनाथ पोर. निर्वासितांच्या मुलांनी रचलेला निर्वासित, आणि तो उभा राहतो ज्याच्या बाजूने कोणी नाही त्याच्या बाजूने.

पुढची दोन उदाहरणंही बघा. कॅप्टन अमेरिकाच्या पहिल्या अंकावर तारीख आहे मार्च 1941, आणि मुखपृष्ठावर तो हिटलरच्या तोंडावर ठोसा मारतोय. तेव्हा अमेरिका युद्धात उतरलेलीही नव्हती, ती उतरली त्या डिसेंबरात. 1946 साली सुपरमॅनच्या रेडिओ मालिकेने कू क्लक्स क्लॅनसारख्या वंशद्वेष्ट्या टोळीविरुद्ध आख्खं कथानक चालवलं, त्यात टोळीच्या रोखावर एक चिनी-अमेरिकन कुटुंब होतं. घराघरांत मुलं रेडिओला कान लावून बसायची, आणि त्यांना सांगितलं जात होतं की शेजाऱ्याचा वंश काढणारा माणूस भित्रा असतो. हे लहान काम नव्हे.

एक कडू गोष्टही सांगायला हवी. सीगल आणि शुस्टर यांनी सुपरमॅनचे सगळे हक्क 130 डॉलरला देऊन टाकले होते. कंपनीने कोट्यवधी कमावले. या दोघांना वार्षिक मानधन आणि निर्माते म्हणून पुन्हा नाव मिळायला 1975 उजाडावं लागलं. आज ते अक्षर टीशर्टवर, दप्तरावर, पाण्याच्या बाटलीवर विकलं जातं. तेव्हा रंगारीदादा, तुमचा हात अडतोय तो बरोबर जागी अडतोय असं मला वाटतं. चिन्ह चांगलं आहे, पण ते आज कोणाच्या मालकीचं आहे हाही प्रश्न आहे.

आरवलीकर

माझ्या मनात वेगळं येतंय. आमचा ग्रामदेव वेतोबा बघा. आरवलीला आलेल्यांनी पाहिला असेल: पुरुषभर उंचीच्याही वर, उभा, अंगाने दणकट. त्याला नवसाच्या चामड्याच्या चपला वाहतात, माणसाच्या पायाला फारच मोठ्या होतील अशा. देव रात्री गावाची राखण करायला फिरतो, त्याने त्या झिजतात, अशी श्रद्धा. लहानपणी आजीने मला देवळात नेऊन चपलांचा तळ दाखवला होता. टाचेकडे चामडं पातळ झालेलं. रात्री माडांतून वारा वाजला की मला भीती वाटायची बंद झाली ती त्या दिवसापासून.

आता हाही सुपरहिरोच म्हणा. अचाट ताकद, रात्रीची गस्त, गावावर संकट आलं की धाव. पण एक फरक आहे आणि तो मला फार मोठा वाटतो. राखणदाराला हद्द असते. आणि त्याला जाब विचारता येतो. गाऱ्हाणं म्हणजे नुसतं मागणं नव्हे. "बा देवा म्हाराजा" म्हणून त्याला त्याची जबाबदारी नावागावासकट ऐकवतात, आणि आख्खा गाव "होय म्हाराजा" म्हणून साक्ष राहतो. कौल मागतात. देवाने उजवा, म्हणजे होकाराचा, दिला नाही तर पुन्हा विचारतात. गावाचंही देणं असतं: चुकलं-माकलं कबूल करायचं, वर्षाचं कार्य वेळेत पार पाडायचं. दोन्ही बाजू बांधलेल्या.

परदेशी नायकाला कोण विचारतं? मुखवटा घालून येतो, मारतो, इमारती पाडतो, निघून जातो. तो चांगला आहे म्हणून चांगलं होतं. उद्या त्याचं मन फिरलं तर कोणाच्या पायरीवर जायचं?

महाडची_लेक

आरवलीकर, तुमचं लिहिणं सुंदर आहे. पण मला त्यातल्या 'आख्खा गाव' या शब्दांपाशी थांबावं लागतंय.

गाऱ्हाणं घालायचा मान कोणाचा? पालखीला खांदा कोणाचा? माझ्या आजोळी आमच्या वाडीसमोरून पालखी जायची ती न थांबता जायची. आजी ओटी घेऊन दारात उभी असायची. राखणदार आमचाही होता असं सगळे म्हणत, पण त्याच्याशी बोलायला आम्हाला दुसऱ्याचं तोंड लागायचं. अशा घरातल्या पोरीला कोळ्याच्या मुखवट्यातला तो मुलगा का आवडला असेल, विचार करा. 1962 साली स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी स्पायडरमॅन आणला. काका-काकूंकडे वाढलेला, घरात पैशांची ओढाताण, शाळेत सगळे हिणवणारे. त्याला ताकद मिळते ती कुठल्या घराण्यात जन्मला म्हणून मिळत नाही. आणि डोक्यापासून पायापर्यंत अंग झाकलेलं, त्यामुळे आत कोण आहे, कुठल्या आळीतला आहे, हे दिसतच नाही. मी तेरा-चौदा वर्षांची असताना मला त्या मुखवट्यातली मोकळीक कळली होती. ज्यांना आडनाव सांगताना कधी आवाज खाली करावा लागला नाही, त्यांना ती कदाचित जाणवणार नाही.

आता दुसरी बाजू, कारण मी महाडची आहे आणि ती सांगितल्याशिवाय माझं बोलणं पुरं होत नाही. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले. तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव नगरपालिकेने 1924 सालीच केलेला होता, तो कागदावरच राहिला होता. बाबासाहेब पाणी प्यायले आणि त्यांच्या मागोमाग हजारो माणसं प्यायली. एकटे जाऊन, पाणी पिऊन, फोटो काढून ते परतले असते तर? त्या दिवसाचा अर्थच हा आहे की प्रत्येकाने स्वतःची ओंजळ भरली. परत जाताना मार पडला तोही त्यांनीच खाल्ला. त्यांच्यासाठी दुसऱ्या कोणी खाल्ला नाही.

आणि याच माणसाने 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत बजावून ठेवलंय की धर्मातली भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणातली भक्ती, विभूतिपूजा, ही अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. आमच्या घरात त्यांचा फोटो आहे. निळा कोट, हातात पुस्तक. आमच्यासाठी चिन्ह म्हणजे ते. त्या फोटोपुढे आई मला हात जोडायला लावायची आणि लगेच अभ्यासाला बसवायची. दोन्ही एका दमात.

त्या मुलाच्या चिन्हावर माझं मत: रंगवा किंवा नका रंगवू, पण त्याला 'नाही' म्हणताना 'हे आपलं नाही' असं कारण देऊ नका. आपलं काय आणि परकं काय हे ठरवण्याचा मक्ता फार थोड्यांकडे राहिलाय आजवर.

शाळा_गुहागर

मी गुहागर तालुक्यात पहिली ते चौथी शिकवते. मधल्या सुट्टीतला खेळ सांगते, तो मी बरेच दिवस लक्ष देऊन बघतेय.

पाच मुलगे सुपरहिरो होतात. दोन मुली आताशा होतात, पूर्वी होत नव्हत्या. खलनायक व्हायलाही कोणी ना कोणी तयार असतं, त्यात दंगा करता येतो. पण वाचवायची माणसं व्हायला कोणी तयार नसतं. शेवटी बालवाडीतल्या लहानग्यांना ओढून आणतात आणि 'तुम्ही बुडताय' म्हणून पायरीवर बसवतात. ती बिचारी काही न करता बसून राहतात. मी एकदा विचारलं, "ही नुसती बसलीत का? बुडणारा माणूस काय करतो?" मुलं गोंधळली. मग एकीने सांगितलं, "हाका मारतो." दुसरा म्हणाला, "कळशी धरून तरंगतो, माझे आजोबा तरले होते." त्या दिवसापासून खेळात थोडा फरक पडला. पायरीवरची मुलं आता ओरडतात, दोरी मागतात, एकमेकांचा हात धरतात.

शक्तिमान 1997 मध्ये दूरदर्शनवर सुरू झाला तेव्हा मी शाळेत होते. शेवटी 'छोटी छोटी मगर मोटी बातें' असायचं, मूल चूक कबूल करायचं आणि 'सॉरी शक्तिमान' म्हणायचं. आई-वडिलांना ते फार आवडायचं. मी आता शिक्षिका म्हणून विचार करते तेव्हा वाटतं की ज्याचं नुकसान केलं त्याला सॉरी म्हणायला शिकवणं त्याहून अवघड आहे, आणि टीव्हीतल्या माणसाला म्हणून ते साधत नाही.

मुलींबद्दलही एक. ऑक्टोबर 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी वंडर वूमनला महिला सक्षमीकरणाची मानद दूत नेमलं. तिथल्याच कर्मचाऱ्यांनी विरोध केला, जिवंत बाई मिळाली नाही का म्हणून, आणि तिच्या तोकड्या पोशाखावरूनही. दोनेक महिन्यांत ते गुंडाळलं गेलं. मला दोन्ही बाजू पटतात. माझ्या वर्गातली मुलगी वंडर वूमनला ढाल घेऊन धावताना बघते तेव्हा त्या मुलीच्या पाठीचा कणा ताठ होतो, हे माझ्या डोळ्यांनी दिसतं. आणि तरीही त्या मुलीच्या ओळखीत एक तरी बाई हवी जी खरोखर रात्री-अपरात्री लोकांच्या कामी येते. आमच्या गावात ती आरोग्यसेविका आहे. पावसात गरोदर बाईला डोलीतून रस्त्यापर्यंत आणताना मी तिला पाहिलंय.

नाखवा_हर्णै

मी पुस्तकं फार वाचलेली नाहीत. नातवाबरोबर सिनेमे बघतो. त्यात समुद्रात बोट अडकली की एकटा उडत येतो आणि बोट उचलून नेतो. नातू विचारतो, "आजोबा, तुम्ही कशी आणता?" तेच इथे सांगतो.

वायरलेसवर हाक आली की जवळ असेल तो जातो. कोणाची बोट, कुठल्या बंदराची, आपलं-त्यांचं भांडण आहे का, हे तेव्हा विचारायचं नसतं. जाळं पाण्यात असेल तर ओढून घ्यायचं, वेळ नसेल तर सोडून द्यायचं, ते नुकसान आपलं. जवळ गेल्यावर लगेच भिडायचं नाही, लाटेने दोन्ही बोटी एकमेकींवर आपटतात. वाऱ्याच्या बाजूने जाऊन दोर फेकायचा. दोर लांब ठेवायचा, आखडता घेतला तर लाटेच्या झटक्याला तुटतो आणि तुटलेला दोर माणसाचा हात नेतो. इंजिन हळू. आणि दोराशी एक शहाणा खलाशी कोयता घेऊन उभा करायचा. ती बोट बुडायला लागली आणि आपल्याला ओढायला लागली, तर दोर कापायचा. कापायचा की नाही हे बोटीचा प्रमुख, तांडेल, सांगतो, आणि ते त्याला जन्मभर पुरतं.

हे सिनेमात दाखवत नाहीत. वाचवणाऱ्यालाही बायका-पोरं असतात. किती पुढे जायचं याची मर्यादा असते आणि ती त्याच क्षणी ठरवावी लागते. नातवाला मी हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, कोयतेवाला मी होणार.

कोणाला उपयोग होईल म्हणून: समुद्रातल्या संकटासाठी तटरक्षक दलाचा नंबर 1554. किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरात तो भिंतीवर लिहिलेला असावा.

खांदेरी

नाखवा, तुमचा निरोप आमच्या अलिबागच्या गटात पाठवतोय.

नायक कोण हे गोष्ट सांगणारा ठरवतो, त्यावर थोडं. वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, आमच्या पिढीने इंद्रजाल कॉमिक्समधून वाचला. ली फॉकने 1936 साली रचलेला नायक, इंद्रजालने 1964 पासून भारतात आणलेला. त्याच्या पहिल्या पूर्वजाने चाच्यांच्या हल्ल्यात बाप गमावला आणि मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून चाचेगिरी संपवण्याची शपथ घेतली. पिढ्यान्‌पिढ्या जंगलातल्या लोकांचं रक्षण करणारा गोरा माणूस, आणि ते लोक मात्र पिढ्यान्‌पिढ्या होते तिथेच. लहानपणी हे खटकलं नाही. मोठेपणी आंग्र्यांच्या समाधीपाशी उभं राहिल्यावर खटकलं.

कारण इंग्रजांच्या कागदांत कान्होजी आंग्रे हा चाचाच आहे. इथे तो सरखेल, मराठी आरमाराचा मुख्य. या पाण्यातून जायचं तर त्याचं दस्तक घ्यावं लागे. पोर्तुगीज स्वतः त्याच समुद्रात वर्षानुवर्षं परवाने विकत होते, ते मात्र व्यापार. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परतले. आज मुंबईत नौदलाच्या तळाचं नाव आय.एन.एस. आंग्रे आहे. 2 सप्टेंबर 2022 ला नौदलाच्या निशाणावरून इंग्रजी अमदानीतला लाल क्रूस गेला आणि शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी चौकट आली. नौदलात असलेल्या माझ्या भावाने त्या दिवशी फोन केला तेव्हा त्याला धड बोलता येत नव्हतं. चिन्हांत एवढी ताकद असते.

म्हणूनच मुलांना ती वाचायला शिकवावीत. कोणी काढलं, कोणासाठी, आणि त्या गोष्टीत चाचा कोणाला ठरवलंय.

वाशिष्ठीकाठ

चिपळूणहून. 22 जुलै 2021 च्या रात्री आणि दिवसाबद्दल पुष्कळ लिहून झालंय. गळ्यापर्यंत पाण्यातून म्हाताऱ्यांना खांद्यावर आणणारी पोरं आमच्या आळीत होती, त्यांचे फोटो फिरले, सत्कार झाले, आणि ते योग्यच होतं. मी त्यानंतरचं सांगतो, कारण गोष्टी नेमक्या तिथे संपतात.

पाणी ओसरलं तेव्हा दुकानात मांडीपर्यंत चिखल. तो नुसता मातीचा नसतो. त्यात डिझेल, सडलेलं धान्य, औषधं, मेलेली जनावरं. फावड्याने काढायला गेलं की परत घसरून जागेवर येतो. बादलीने भरायचा, साखळी करून रस्त्यावर टाकायचा, रस्त्यावरून पुन्हा डंपरमध्ये. वासाने जेवण जात नाही. असे कित्येक दिवस. कुठकुठची माणसं येऊन हे करून गेली, त्यांची नावंही आम्हाला माहीत नाहीत.

आणि मग नदीचा गाळ. वाशिष्ठीचं पात्र भरून आलेलं, पूररेषेचा वाद, धरणातून आणि वीजघरातून नदीत येणारं पाणी. हे सगळं समजून घ्यायला दुकानदार, शिक्षक, निवृत्त माणसं नकाशे घेऊन बसली. गाळ काढावा म्हणून त्या डिसेंबरात शहराने साखळी उपोषण केलं. रोज वेगळी माणसं मांडवात. मग यंत्रं आली, गाळ निघायला लागला. यात एकही क्षण असा नाही की जो पडद्यावर दाखवता येईल. बैठका, अर्ज, मोजणी, पुन्हा अर्ज. पण पुढच्या पावसाळ्यात मी रात्री झोपू शकलो तो त्या मांडवामुळे.

सुपरहिरोंच्या गोष्टींबद्दल माझी तक्रार एवढीच आहे की संकट नेहमी बाहेरून येतं आणि ठोसा मारता येईल असंच असतं. आमचं संकट वर्षानुवर्षं तळाशी साचत होतं. त्याला कोणी खलनायक नव्हता. होते ते पुष्कळ हात आणि पुष्कळ दुर्लक्ष.

रंगारी_कुडाळ

सगळं वाचलं. काही दोन-दोनदा. कळवतो काय केलं ते.

मूर्तीवर अक्षर रंगवलं नाही. मुलाला शाळेत बोलावून घेतलं आणि शाडूचा गोळा दिला. त्याने स्वतः वीतभर सुपरमॅन केला. मान जाड ठेवायला मी सांगितली, नाहीतर सुकताना तडकते. छातीवरचं अक्षर त्यानेच रंगवलं. जुन्या_चित्रकथा यांनी लिहिलेली पहिल्या अंकाची गोष्ट त्याला सांगितली, बायकोला मारणाऱ्याला धरतो ती. तो म्हणाला, "आमच्या बिल्डिंगमध्ये एक काका मारतात." वडील तिथेच उभे होते. पुढचं त्यांनी बघायचंय, आणि बघतो म्हणालेत. मी पुन्हा विचारणार आहे.

जुन्या_चित्रकथा

रंगारीदादा, त्या चिन्हाचं याहून खरं काम मी ऐकलेलं नाही. वडिलांना 181 नंबर द्या, महिला हेल्पलाइनचा आहे, शेजाऱ्यालाही फोन करता येतो.

महाडची_लेक

नक्की विचारा. आठवणीने.

आरवलीकर, तुमच्याकडून उत्तर आलं नाही म्हणून परत लिहितेय. तुम्ही म्हणालात देवाला जाब विचारता येतो. विचारणारं तोंड कोणाचं, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. भांडण म्हणून नाही.

आरवलीकर

ताई, उत्तर द्यायला वेळ लागला कारण आधी इथल्या जाणत्यांशी बोललो. गाऱ्हाणं घालायचा मान ठरलेल्या घराण्यांकडेच आहे. "होय म्हाराजा" म्हणायला कोणी कोणाला अडवत नाही, पण पहिला शब्द ठरलेल्या माणसाचाच. तुम्ही विचारेपर्यंत मी ते कधी वेगळं काढून पाहिलं नव्हतं. जत्रेआधी बैठक असते. त्यात मी विषय काढणार आहे की वर्षातलं एक गाऱ्हाणं प्रत्येक वाडीने आपापल्या तोंडाने घालावं. लोक चिडतील. काही माझ्याच घरातले चिडतील.

महाडची_लेक

बैठकीची तारीख कळवा. यायची परवानगी असेल तर मी येईन, नसेल तर बाहेर थांबेन.